बाजीराव शेटचं चलन

"शेट, तुमचं टोकन तुमीच नाकारणार. आठ दिवसांत, चारचौघांसमोर. लावता पैज?" श्यामसुंदर दुकानाच्या पायरीवरून म्हणाला.

पंच्याऐंशी साली नेरुळात सुटे पैसे औषधालाही मिळत नव्हते. किराणावाल्या बाजीरावांनी त्यावर तांब्याच्या टोकनांचा उपाय काढला होता. मधे भोक, वर 'बा', किंमत चार आणे. ते चालायचं फक्त त्यांच्याच दुकानात, त्यामुळे अख्खी सोसायटी त्यांच्या दाराशी बांधली गेली होती.

"हरलो तर टोकनं बंद. सुटे पैसे देईन," बाजीराव म्हणाले. "आन् तुमी हरलात तर?"

"याच पायरीवर बसून सांगाल ते काम करीन. सगळ्यांदेखत."

बाजीरावांच्या गळ्यात माळ होती. मासळीवाली रस्त्यानं गेली तरी ते नाकाला उपरणं लावायचे. श्यामसुंदरनं थेट सारसोळ्याच्या गोजरा कोळणीला गाठलं.

"मावशी, आमच्या सोसायटीतल्या बायकांकडून मासळीचे पैसे म्हणून टोकनं घे. पाटीतच ठेव, बोंबलांखाली. एकादशीला शेटकडं तांदूळ घ्यायला जा."

"आन् त्यानं नाय घेतली तं?"

"मी भरून देईन."

"तू? तुज्या बायकोला इचारते आदी."

टोकनं बाहेर खपताहेत म्हटल्यावर बायकांनी मासळीचा सपाटाच लावला. श्यामसुंदरच्या ताटातही रोज बोंबील. तो विजयाची चव म्हणून खात राहिला.

एकादशीला दुकान गच्च भरलेलं असताना गोजरानं पाटी उपडी केली. हिरवट पडलेली टोकनं, वर खवलं.

"शेट, तांदूल दे. तुजीच हायेत नव्हं?"

बाजीरावांचं उपरणं नाकावर गेलं. गर्दी दोन पावलं मागं सरली.

"बोला शेट," श्यामसुंदर गालात हसला. "घेताय की नाकारताय?"

"नाकारतोय कोण? तांबं हाय ते. सरोजिनीवहिनी, देवाची भांडी कशानं घासता तुमी?"

"चिंचेनं," श्यामसुंदरची बायको सवयीनं बोलून गेली.

बाजीरावांनी गोजराला तांदूळ मोजून दिले. मग काठीनं टोकनं घमेल्यात ढकलली, वर चिंचेचा गोळा टाकला आणि घमेलं पायानं पायरीकडं सरकवलं.

"बसा साहेब. चकचकीत पायजेत."

टेरिलीनची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून श्यामसुंदर दुपारपर्यंत घासत होता. बघायला दोन बिल्डिंगा लोटल्या. जाता जाता गोजरा वाकली.

"कडंला घास, दादूस. खवलं रायलंय."

शेवटचं टोकन लखलखल्यावर तो कंबर धरून उठला.

"चिंचेचे पावणेदोन रुपये," बाजीराव म्हणाले.

"ती तर तुमीच दिलीत ना?"

"दिली की. आपण विकतच देतो."

श्यामसुंदरनं दोनची नोट काढली. बाजीरावांनी घमेल्यातलं एक ओलं टोकन उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"सुटे नाहीत, साहेब."

त्यानं हळूच हुंगून बघितलं. बोंबील अजून होता.