देवाच्या नावाचा पुकारा

"तिसऱ्या हाकेलाही जो आला नाही, तो नाही." हे माझ्या वडिलांचं वाक्य. ते कोर्टात पुकारा करत आणि घरी आम्हाला जेवायलाही त्याच खड्या, लांबवलेल्या सुरात तीनदा बोलावत. तिसरी हाक विरली की ताट उचललं जाई. पोटात कितीही कावळे ओरडत असले, तरी आपण घरात नव्हतो हे मान्य करावं लागे. आज तो आवाज आणि ती नोकरी दोन्ही माझ्याकडे आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो: असणं वेगळं, हजर असणं वेगळं, आणि कायद्याची ओळख फक्त दुसऱ्याशी आहे.

खटला साधा होता. एका बेकरीला आग लागली. ती पीठ मळणाऱ्या कामगारानं लावली, असं मालकाचं म्हणणं. (कामगाराला सगळे पिठ्या म्हणत.) त्या वेळी पिठ्या कुठे होता, हे सांगू शकणारी साक्षीदार एकच: समोरच्या माडीवर कपडे शिवणारी मावशी. पिठ्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. अंगात पांढरा सदरा, त्याला पांढरी बटणं आणि एक निळं.

मावशी साक्षीला उभी राहिली. कारकून म्हणाला, "म्हणा, देवाशपथ खरं सांगेन."

"पण तो आहे की नाही, मला नक्की माहीत नाही हो."

"मग देव मानत नाही म्हणा आणि नुसती प्रतिज्ञा करा."

"नाही असं तरी कसं म्हणू? तेही नक्की माहीत नाही."

पिठ्या कळवळला, "मावशी, काहीतरी एक म्हणून टाका ना!"

"अरे बाबा, पहिलंच वाक्य खोटं बोलले, तर पुढच्यावर कोण विश्वास ठेवील?"

आमच्या न्यायव्यवस्थेची थोरवी इथे दिसते. एखादं उतावळं कोर्ट बाईचं ऐकून मोकळं झालं असतं. आमच्या साहेबांनी आधी देवाचा निकाल लावायचं ठरवलं. तोवर साक्षीदारानं आगीबद्दल अवाक्षर काढायचं नाही; काढल्यास साक्ष बाद. पिठ्याला परत कोठडीत नेलं. (न्यायाला घाई नसते. ती फक्त आरोपीला असते.)

सरकारी वकिलांनी 'आहे'ची बाजू घेतली, कारण इमारतीच्या कोनशिलेवर देवाची कृपा कोरलेली होती आणि कोनशिला सरकारी होती. पिठ्याच्या वकिलांनी 'नाही'ची घेतली, कारण सरकार म्हणेल ते नाकारणं हा त्यांचा धर्म. काहीही ठरलं तरी मावशी बोलायला मोकळी होणार होती. पण एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे ही क्षुल्लक बाब काढायला कुणाचीच जीभ रेटेना.

देवावर समन्स निघालं. पत्ता: चराचर. बेलिफ ते जिन्याला, नळाला आणि एका झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीला चिकटवून आला. (जिन्यानं स्वीकारलं. कुत्र्यानं नाकारलं.) मी तीनदा पुकारा केला. कुणी आलं नाही. सरकारी वकील म्हणाले, "तो आधीपासून आतच आहे, तर बाहेरून येणार कसा?" मुद्दा ग्राह्य धरण्यात आला.

देव स्वतःच वादाचा विषय असल्यानं त्याची शपथ चालेना, म्हणून या वादात दोन्ही बाजूंनी आणलेल्या साक्षीदारांनी न्यायाधीशसाहेबांची शपथ घेतली. साहेबांच्या अस्तित्वाचा पुरावा कुणी मागितला नाही. शेकडा एक्केचाळीस लोकांनी देव डोळ्यांनी पाहिला होता. शेकडा एक्केचाळीस लोकांनी तो नसल्याचं डोळ्यांनी पाहिलं होतं. उरलेले दुसऱ्या खटल्याचे होते, पंख्याखाली जागा मिळाली म्हणून थांबले.

भाषणं गाजली. लोक घरून डबे आणू लागले. पिठ्याच्या सदऱ्याची कॉलर विरली. मावशी बाहेरच्या बाकावर काजं करत गुणगुणायची:

सुई बाई पुढं गेली, दोरा मागं आला
उसवलेल्या जगाला गं, टाका एक घाला

आत व्यत्यय येतो म्हणून तिला गप्प करावं लागे.

अखेर निकाल लागला. टाळ्या पडल्या, वकिलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, लोक पांगले. साहेब उठता उठता थबकले. "हा कोण उभा आहे?"

"मूळ आरोपी, साहेब."

मी मावशीचा पुकारा केला. ती पहिल्याच हाकेला आली.

"आता तरी घ्या शपथ," साहेब म्हणाले.

"तुमचा निकाल लागला, साहेब. माझा लागायचाय अजून." ती पिंजऱ्यापाशी गेली आणि तिनं पिठ्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्याची शपथ घेते. हा आहे, एवढं मला नक्की माहीत आहे."

साहेबांची जेवायची वेळ टळून गेली होती. शपथ मंजूर झाली.

तर वाचकहो, देव आहे ठरलं की नाही ठरलं, हेच तुमच्या ओठांवर असेल. संकोच नको, मला भेटणारा प्रत्येक जण तेच विचारतो. मावशी काय म्हणाली, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्हीही विचारणार नाही, म्हणून आपणहून सांगतो. रिकाम्या दालनात ती म्हणाली:

"आग लागली तेव्हा हा माझ्यासमोर बसला होता, नुसत्या बनियनवर. सदरा माझ्या हातात होता. पांढरं बटण संपलं होतं, म्हणून मी निळं लावलं."