हॅल्वरसनसाहेबांचा माळा

थंड देशांतल्या घरांमधली ऊब माळ्याच्या फटींतून कशी निसटते आणि तिला कसं अडवायचं, या विषयात अख्ख्या सिंगापुरात माझ्या तोडीचा माणूस नाही! ही बढाई नव्हे. इथे दुसरं कुणी त्या विषयाकडे फिरकलेलंच नाही. पुंगोलच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, पंख्याखाली, बनियनवर बसून मी उणे वीस तापमानातल्या छपरांची काळजी वाहतो. बर्फाबद्दल लिहितो आणि कीबोर्डवर घाम टपटपतो!

एक बारीकशी उणीव मात्र आहे. मी माळा कधी पाहिलेला नाही. पुण्यात आमच्या डोक्यावर गच्ची होती. इथे डोक्यावर वरच्या मजल्यावरच्यांचं वॉशिंग मशीन आहे.

विषय तसा सोपा. घरातली ऊबदार हवा चोरपावलांनी वर जाते, छताच्या फटींतून माळ्यात शिरते, तिथून छपरावरचा बर्फ वितळवते. ते पाणी पागोळ्यांपाशी पुन्हा गोठतं, मागचं पाणी अडतं आणि शेवटी तुमच्या गादीवर येतं. म्हणून फटी बुजवायच्या. बस्स! या 'बस्स'वर मी डॉक्टरेट मिळवली आहे.

पण इथल्या विद्यापीठातलं माझं कंत्राट डिसेंबरात संपत होतं. कंत्राटाबरोबर इथे राहायचा सरकारी पास संपणार, आणि पास संपला की पुण्याला थोरल्या बंधूंच्या, प्रबोधदादाच्या हॉलमधला सोफा. दादा मी निघतानाच म्हणाला होता, "सिंगापुरात जाऊन बर्फाचा अभ्यास? उद्या जैसलमेरला मासेमारी शिकायला जाशील!" त्या सोफ्यावर झोपून हे वाक्य रोज ऐकायचं, या कल्पनेनं मला पंख्याखालीही हुडहुडी भरायची.

तेवढ्यात देव पावला! नॉर्वेत पार वर, जिथे हिवाळ्यात सूर्यसुद्धा उगवायचा आळस करतो, तिथल्या एका संस्थेतून प्रोफेसर हॅल्वरसन यांचा मेल आला. जागा होती. माझे निबंध त्यांना आवडले होते. मुलाखत व्हिडिओवर. फक्त एक अट: "तुम्ही स्वतःच्या हातांनी हवाबंद केलेला एक माळा आम्हाला दाखवा."

"झालं!" बायको, मैत्रेयी, म्हणाली. "धैर्यशील, तुला बल्ब बदलताना स्टुलाला धरायला माणूस लागतो."

"नमुना करतो ना! पुठ्ठ्याचा. पुण्यात गणपतीचं मखर कोण करायचं? मीच!"

आणि केला हो! फ्रिजच्या खोक्याच्या भिंती, टीव्हीच्या खोक्याचं उतरतं छप्पर, दोन्हींच्या मधे माळा. आत नळ, वायरी, दिव्यांची भोकं, म्हणजे ऊब पळायच्या सगळ्या वाटा. मग फुगणाऱ्या फोमचा डबा घेऊन एकेक फट बुजवत गेलो. हात गुंतले की मला ओव्या सुचतात. ती खोड लहानपणची.

*ऊब माझ्या घरातली, वाट शोधी माळ्यावरी*
*फट फट बुजविते, थांब बाई क्षणभरी!*

"बुजविते?" मैत्रेयी म्हणाली. "निदान स्वतःला पुरुष तरी ठेव!"

"ओवीत सगळेच बाई असतात गं."

फोम चढत गेला तसा मलाही जोर चढला. माळ्याची जमीन बुजवली, मग छप्परही बुजवलं, पागोळ्यांखालची भोकंही बुजवली. मुंगी आत राहिली असती तर तिथेच समाधी लागली असती! एवढं करून थांबावं की नाही? पण गणपती पंधरवड्यावर आलेला, घरात मखराचा सोनेरी कागद पडलेला, आणि मखर करणाऱ्याचा हात! दारांना सोनेरी चौकट लावली. खिडक्यांना लाल पडदे. छपराला झिरमिळ्या.

"नॉर्वेच्या घराला झिरमिळ्या?" मैत्रेयीनं विचारलं.

"हात थांबत नाही गं!"

शेवटी दर्शनी भागावर सुबक इंग्रजी अक्षरांत पाटी लावली: 'प्रोफेसर हॅल्वरसन यांस आदरपूर्वक.' मुलाखतीत छाप पडावी म्हणून!

फोमला मात्र असा वास होता, की अपूर्वा, आमची लेक, शाळेतून आली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, सो स्मेली लाह! लाइक डेड रॅट!" मैत्रेयीनं हुकूम सोडला, "हे घर घरात राहणार नाही." मग मी ते उचललं आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये वाळत ठेवलं.

तिथे शेजारच्या खू आंटी भेटल्या. एकट्या राहतात, पांढरे शुभ्र कापलेले केस, हातात नेहमी संत्र्यांची पिशवी. त्यांचं इंग्रजी सिंगापुरी, वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावणारं; माझं पुणेरी. दोघांचं मिळून जे व्हायचं ते मराठीत सांगतो. चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू होता. आपल्या पितृपक्षासारखाच तो, तेवढंच मला ठाऊक होतं. हवेत जळका वास, कॉरिडॉरमध्ये राख. माझं लक्ष होतं ते राख माझ्या ओल्या फोमला चिकटू नये याकडे!

आंटी घराभोवती फिरल्या. झिरमिळ्यांना बोट लावलं. "आयो, सो ब्यूटिफुल! स्वतः केलंस? कुणासाठी?"

"प्रोफेसर हॅल्वरसनसाठी."

"कुठे असतात?"

"फार लांब, आंटी. फार थंड. तिकडे सूर्यसुद्धा नसतो."

आंटींनी हात जोडले. मला वाटलं, थंडीचं दडपण आलं असेल. "तुझे कोण?"

"कोणी नाहीत. भेटही नाही कधी. पण माझं पुढचं सगळं त्यांच्या हातात आहे! घर आवडलं पाहिजे त्यांना."

"आवडेल, लाह," आंटी म्हणाल्या, आणि चक्क डोळे टिपले! "हल्ली कोण करतं एवढं? माझा मुलगा दुकानातून विकत आणतो. गुड बॉय, यू."

मी फुशारलो. आता शेवटची परीक्षा! फट शोधायला परदेशात धुराची महागडी उपकरणं असतात. आपल्याकडे उदबत्ती असते! पाच पेटवून घराच्या तळमजल्यात खोवल्या. धूर दारातून आला, खिडक्यांतून आला. माळ्यावर? एक तंतूही नाही! मी कॉरिडॉरमध्येच नाचलो. उद्याच्या मुलाखतीत हेच दाखवायचं ठरवलं आणि अंघोळीला गेलो.

अंघोळ करून आलो तर घर नाही!

"मैत्रेयी, माळा कुठे?"

"मला काय विचारतोस? तूच बाहेर ठेवलास!"

कॉरिडॉरमध्ये उदबत्तीची राख तेवढी. कठड्यावरून खाली वाकलो. संध्याकाळचा केशरी उजेड. इमारतीमागे, सातव्या महिन्यात ठेवतात त्या मोठ्या लोखंडी पिंजऱ्यात, माझं घर! भोवती खू आंटी आणि त्यांच्या मैत्रिणी, प्रत्येकीच्या हातात उदबत्ती. आणि त्या एका सुरात हाका मारत होत्या:

"हाल-वा-सन! या हो, घर घ्या! हाल-वा-सन!"

"बाबा," अपूर्वा शांतपणे म्हणाली, "सेव्हन्थ मंथ ना. दे बर्न पेपर हाउस फॉर डेड पीपल. देन द डेड पीपल गेट द हाउस. एव्हरीबडी नो, वॉट!"

एव्हरीबडी! फक्त तिच्या बापाला नो नव्हतं! सोनेरी घर, पाटीवर नाव, आत उदबत्त्या. वर मी म्हणालेलो, लांब असतात, थंड असतात, सूर्य नसतो!

लिफ्ट येईना. जिन्यानं ओल्या पंच्यावर धावत खाली पोचलो तेव्हा भिंतींनी पेट घेतला होता. दारांतून ज्वाळा, खिडक्यांतून काळा धूर; आणि माळा तेवढा अढळ! तो आधी पुरीसारखा टम्म फुगला. मग धडाम्! छप्पर आभाळात, झिरमिळ्या नारळाच्या झाडावर!

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "व्वा! जोरात पोचलं!" एकजण म्हणाली.

खू आंटींनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळहात राखेनं काळा झाला होता. "तू नवा माणूस, तुला पाठवायची पद्धत माहीत नसणार. उदबत्त्या लावल्यास आणि गेलास! मी म्हटलं, तो बिचारा म्हातारा तिकडे थंडीत वाट बघतोय. हा बघ, व्हिडिओ काढलाय. घरच्यांना दाखव."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून मैत्रेयीनं पंचा ओढला. "एक अक्षर बोलू नकोस," ती मराठीत पुटपुटली. "जिवंत माणसाच्या नावानं घर जाळलं हे कळलं तर ती बाई अन्न सोडेल."

मी तोंड मिटलं. राख वर चालली होती, पाखरांच्या थव्यासारखी. नोकरी चाललेली, दादाचा सोफा डोळ्यांपुढे, आणि खोड मेली जात नाही!

*घर माझं कागदाचं, गेलं धुराच्या ग गावा*
*परक्याच्या नावानं का माझा डोळा पाणवावा?*

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाखत. पडद्यावर हॅल्वरसनसाहेब: सहा फुटी, तांबूस दाढी, प्रकृती ठणठणीत. ते पाहून मला आधी हायसं वाटलं.

"दाखवा तुमचा माळा!"

मी सगळं सांगितलं नाही. काहीच सांगितलं नाही. आंटींचा व्हिडिओ लावला आणि डोळे मिटले.

"थांबा," साहेब म्हणाले. "या बायका माझं नाव घेताहेत?"

"हो, सर."

"कशासाठी?"

"घर ताब्यात घ्यायला बोलावताहेत, सर. आदरानं!"

"कुठून?"

आता मात्र सगळं सांगावं लागलं. सातवा महिना, फोम, झिरमिळ्या, पंचा. साहेबांनी स्वतःच्या मनगटाची नाडी पाहिली. "म्हणजे तिथे मी वारलोय?"

"अजिबात नाही, सर! तुम्ही फक्त पत्त्यावर आहात!"

"पुन्हा लावा."

पुन्हा लावला. साहेब पडद्याला नाक लावून बसले. "अहो, पण माळ्यातून धूर नाही! खाली भट्टी पेटलीय आणि वर धुराचा टिपूस नाही! हे तुम्ही हातानं बुजवलंत?"

"ओव्या म्हणत, सर."

धडाम् झालं. साहेब खुर्चीत दचकले. "आणि छपराला वारा खेळायला जागा?"

माळ्याची जमीन बुजवायची, पण छपराला श्वास ठेवायचा, हे मी स्वतःच माझ्या निबंधात तीनदा लिहिलंय! "भरात बुजवून गेलो, सर."

"घर सुंदर," साहेब दाढी खाजवत म्हणाले, "पण कोंदट."

संपलं, म्हटलं. मी दादाच्या सोफ्याची लांबी आठवायला लागलो. पण आठवड्याभरात मेल आला! नेमणूक! खाली साहेबांची ओळ: "अनेकांनी मला माळे दाखवले. जाळून सिद्ध केलेला पहिलाच."

आनंदानं माणूस बावळट होतो. मी, मैत्रेयी, अपूर्वा लिफ्टमध्ये शिरलो तर आत खू आंटी. मी थेट ओरडलो, "आंटी! हॅल्वरसनसाहेबांचं उत्तर आलं!"

आंटींच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "उत्तर?"

"घर आवडलं म्हणाले! फक्त जरा कोंदट."

"मी म्हटलंच होतं मैत्रिणींना, खिडक्या उघड्या ठेवू या!" आंटी कुजबुजल्या.

मैत्रेयीनं माझ्या पायावर पाय दिला. पण मी कसला थांबतो! "आणि मला तिकडे बोलावलंय! जानेवारीत जातो आम्ही."

"आम्ही?" आंटींनी भिंतीचा आधार घेतला. "कोण कोण?"

"तिघंही!"

पिशवी सुटली. संत्री लिफ्टभर घरंगळली. "ही पण?" आंटी अपूर्वाकडे बघत म्हणाल्या. "एवढीशी?"

"नेवर माइंड, आंटी," अपूर्वा संत्री गोळा करत म्हणाली, "नो सन, बट गॉट स्नो. शिओक! सो मच फन!"

आंटी तिला पोटाशी धरून हमसाहमशी रडल्या. मी समजावायला तोंड उघडलं आणि मजला आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराशी घडी घातलेले तीन कागदी ओव्हरकोट. बटणांसकट! प्रत्येकावर नाव. अपूर्वाचा एक माप मोठा होता. आंटी शेजारच्या दारात उभ्या होत्या, डोळे सुजलेले. "थंडी फार ना तिकडे?" त्या म्हणाल्या. "पोरीचा मुद्दाम मोठा घेतला. वाढतं अंग आहे. तुम्ही गेलात की लगेच पाठवते. आणि धैर्यशील, पोचलास की स्वप्नात ये हं. आलास तर लॉटरीचे चार आकडे पण सांग, लाह."

मी "हो" म्हणालो.

सांगणार आहे मी त्यांना, खरंच सांगणार आहे. आता सांगावंच लागेल. काल साहेबांचा मेल आलाय. पुढच्या आठवड्यात कुठल्याशा परिषदेसाठी ते सिंगापूरला येताहेत, आणि आपल्या नावानं घर पाठवणाऱ्या त्या बाईंचे आभार मानायचे म्हणतात. "आधी कळवू नका," लिहिलंय. "संध्याकाळी सरळ त्यांच्या दारात जाऊन उभा राहीन!"