वाघमारे वकिलांची तांबडी गाडी

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी आपल्याला रस्त्याच्या कामावरची बाई समजून "तुमचा मुकादम कुठं आहे?" असं विचारलं, ही गोष्ट मुख्याध्यापिका सगुणाबाई वाघमारे जन्मात विसरणार नव्हत्या. साहेबांची तरी काय चूक? घरून निघताना पांढरीशुभ्र असलेली साडी शाळेच्या फाटकापर्यंत मुरमाच्या रंगाची झाली होती, अंबाडा सुटून पाठीवर लोंबत होता आणि भुवया धुळीनं पिकल्या होत्या. चूक होती ती नवऱ्याच्या गाडीची.

"छत न्हाई, काचा न्हाईत, एका दाराला दोरी. ही काय माणसाची गाडी हाय?" शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सगुणाबाई घरी न जाता तडक कोर्टाच्या आवारात येऊन कडाडल्या.

"हळू बोल, पक्षकार ऐकायलेत," सूर्यभानराव वकील दात-ओठ खात म्हणाले. "धूळ काय गाडीनं उडवली? मुरमाचा ट्रक होता पुढं!"

"होता ना! मग तो पुढंच का ऱ्हायला? तुमच्या गाडीला त्याच्या पुढं जाता येत न्हाई म्हणून!"

"ही शर्यतीची गाडी हाय, सगुणा. विलायतेत हिच्या शर्यती लागायच्या."

"कुणासंगं? रोड रोलरसंगं?"

लिंबाखाली बसलेले चार पक्षकार खदखदून हसले. त्यातल्या एकाची केस सूर्यभानराव फुकट लढवत होते, आणि तोच सगळ्यात जास्त हसला. वकिलांचं डोकं तिथंच फिरलं.

घरात फियाटचा नंबर लागल्याचा कागद येऊन पडला होता. लोक ज्या नंबरासाठी वर्षानुवर्षं देव पाण्यात बुडवून बसत, तो वाघमाऱ्यांच्या दारात आपणहून चालत आला होता. चार दारं, वर-खाली होणाऱ्या काचा, डोक्यावर पत्रा. मात्र जुनी गाडी विकल्याशिवाय नवी येणार नव्हती, आणि जुनीचं नाव काढलं की सूर्यभानराव ताटावरून उठत.

आज मात्र ते ओरडले, "विकतो! उद्याच विकतो! मग बस त्या डबड्यात काचा लावून!"

आणि तारखेला आलेले सोनपेठकडचे आबासाहेब समोरच पान खात उभे होते, त्यांना त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "आबासाहेब, उद्या या. गाडी द्यायची हाय."

संध्याकाळपर्यंत राग उतरला. पण बोललेला शब्द मागं घ्यायचा तर त्यासाठी थंड डोकं लागतं, आणि ते वाघमाऱ्यांच्या घराण्यात कुणालाच मिळालेलं नव्हतं.

त्यातून घेणारा आबासाहेब, हे तर फारच झोंबणारं होतं. ही गाडी मूळची आबासाहेबांच्या चुलत्याची. निजामाच्या राज्यात ते जहागीरदार होते आणि त्यांनी ती हैदराबादेहून हौसेनं आणली होती. तिचा हॉर्न महिन्याभरातच बसला. दुरुस्तीला कोण जाणार हैदराबादेला? मग सूर्यभानरावांचे वडील आश्रुबा यांना गाडीपुढं पळायला लावलं. गाडी गावातून निघाली की आश्रुबानं पुढं पळायचं आणि "बाजू व्हा, सरकार आले!" असं ओरडत गुरंमाणसं हटवायची. पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेली, छप्पन साली आश्रुबानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला आणि पोराला वकील केलं. पोरगा कमावता झाला तेव्हा जहागीरदारांच्या गोठ्यात जिच्यात कोंबड्या बसत होत्या ती गाडी त्यानं विकत आणली. आश्रुबा शेवटची दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून परभणीभर हिंडले. एक शब्द बोलत नसत. नुसते बसत.

दादांचं हे पळणं सूर्यभानरावांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला गेलं की गळा दाटायचा, आणि वकिलाचा गळा दाटला तर लोक काय म्हणतील, म्हणून त्याऐवजी ते चिडत.

रविवारी सकाळी आबासाहेब आले. डोक्याला कडक इस्त्रीचा गुलाबी फेटा, लांब शेमला पाठीवर सोडलेला.

"चालू करून दाखवा, वकीलसाहेब."

सूर्यभानराव मनातून खूश झाले. ही गाडी आजवर गल्लीतल्या सहा जणांनी ढकलल्याशिवाय सुरू झालेली नव्हती. आबासाहेबांना घाम फुटेल, ते नाद सोडतील, आपला शब्दही राहील आणि गाडीही. त्यांनी हँडल घातलं, उगीच आपलं अर्धवट फिरवलं.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही, तर मांजर चुलीपाशी घुरघुरावं तशी घुरघुरायला लागली.

"वा!" आबासाहेब म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या सगुणाबाईंच्या तोंडावरचं समाधान पाहून सूर्यभानरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. बेइमान! अकरा वर्षं हिला तेल पाजलं, आणि आज परक्यापुढं नाचायला लागली!

"चला, चालवून बघू," ते म्हणाले आणि त्यांनी मुद्दाम झरीचा रस्ता धरला. त्या रस्त्याला खड्डे होते असं म्हणणं चूक ठरलं असतं. खड्ड्यांच्या मधून मधून थोडा रस्ता होता. वकिलांनी एकही खड्डा सोडला नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यात डुबकी मारून हसत वर आली.

"हिचा ब्रेक लागत न्हाई बरं का," ते ओरडले.

"आमच्या घोडीला बी लगाम चालत नव्हता!" आबासाहेब खुशीत ओरडले.

"दार चालता चालता उघडतंय!"

"हवा येती!"

"तेल पितीय लय!"

"पिऊ द्या की! घरचीच वस्तू हाय!"

'घरचीच' हा शब्द कानात गेला आणि सूर्यभानरावांचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबला गेला. त्या गाडीनं तेवढा वेग विलायतेत घेतला असेल तर असेल, परभणी जिल्ह्यात कधी घेतला नव्हता. वारा समोरून असा आला की आबासाहेबांच्या फेट्याचं एक टोक सुटलं, आणि बघता बघता अख्खा फेटा साप उलगडावा तसा उलगडत डोक्यावरून उडाला.

समोरून एक बैलगाडी येत होती. सटवाजी नावाचा शेतकरी ती हाकत होता आणि त्याची बायको सरजाबाई मागं पोत्याला टेकून बसली होती. फेटा उडाला तो थेट डावीकडच्या बैलाच्या तोंडावर बसला, शिंगांना गुरफटला. आजवर गुलाबी अंधार न पाहिलेला तो बैल उधळला. बैलगाडी रस्त्याकडेच्या चारीत कलंडली, सटवाजीनं उडी टाकली, सरजाबाई बाभळीच्या बुंध्याशी येऊन बसल्या आणि पोतं फुटून रस्त्यावर पसरलं. पोत्यात लेकीच्या लग्नासाठी दळून आणलेलं तिखट होतं.

सूर्यभानरावांनी ब्रेक दाबला. त्यांनी सांगितलं होतं ते खरं ठरलं, ब्रेक लागला नाही. गाडी तिखटाचा ढीग ओलांडून चार हात पुढं गेली आणि बंद पडली, ती अशी की तिचा सायलेन्सर बरोबर ढिगाच्या तोंडाशी आला.

"आरं ए टोपीवाल्या!" सरजाबाई उठता उठता गरजल्या. वकिलांच्या डोक्यावर टोपी नव्हती, पण रागात तेवढं कोण बघतं? "डोळे फुटले का तुजे? लेकीच्या लग्नाचं तिखट हाय ते!"

"बाई, भरून देतो. सगळं भरून देतो. आधी गाडी बाजूला घेऊ द्या."

"गाडीला हात लावू नगंस!"

पण सूर्यभानरावांनी हँडल फिरवलं. गाडी सुरू झाली नाही. तिनं फक्त सायलेन्सरमधून एकच, सणसणीत, तोफेसारखा बार काढला.

तिखटाचा एक लाल ढग उठला. तो आधी सरजाबाईंवर गेला, मग सटवाजीवर, मग आबासाहेबांच्या उघड्या टकलावर, आणि वारा फिरला तसा वकिलांवर. चौघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या. शिव्या अर्ध्यात तुटून त्यांच्या शिंका झाल्या. सरजाबाई कपाळ बडवत "गेलं गं माजं समदं, गेलं!" म्हणून हंबरडा फोडत होत्या, आबासाहेब जमिनीवर बसून हुंदके देत होते, आणि पांढऱ्या शर्टावर लालभडक झालेले सूर्यभानराव श्वास घेता येईना म्हणून रस्त्याच्या कडेला आडवे झाले होते.

नेमकी त्याच वेळी झरीकडून परभणीची एस.टी. आली. आतल्या माणसांनी कलंडलेली बैलगाडी पाहिली, रस्त्यावरचा लाल सडा पाहिला, पडलेले वकील पाहिले, ऊर बडवणारी बाई पाहिली. ड्रायव्हर थांबणारच होता, पण खिडकीतून ढग आत शिरला आणि त्यानं शिंकत शिंकत वेग वाढवला. परभणीत एस.टी. पोहोचली तेव्हा अख्खी गाडी डोळे पुसत उतरली. लोकांनी विचारलं, काय झालं? कुणाला बोलताच येईना. एकानं कसंबसं सांगितलं, "वाघमारे वकील... झरीच्या रोडला..."

एवढं पुरलं.

तिकडं सटवाजीच्या घागरीतल्या पाण्यानं डोळे धुऊन, बैल सोडवून, बैलगाडी चौघांनी मिळून सरळ केली. सरजाबाईंना दुप्पट तिखट पोचवायचं कबूल केलं, तेव्हा कुठं त्यांच्या शिव्या कुरकुरीवर आल्या. एवढ्यात परभणीकडून एक टांगा भरधाव आला. आत सगुणाबाई, आणि शेजारी राहणारे पंडित मास्तर.

सगुणाबाईंनी टांगा थांबायच्या आत उडी मारली. दगडावर बसून नाक शिंकरणारा नवरा त्यांनी पाहिला. तोंडावरचा रंग आला, गेला, परत आला. मग त्या अशा संतापल्या की बैल दोन पावलं मागं सरले.

"जिते हायत तुमी?"

"मग काय मरू?"

"वाटभर रडत आले मी! भर बाजारातून रडत आले! पोरींनी बघितलं शाळेतल्या!"

"मी सांगितलं होतं का रडायला?"

पंडित मास्तर हळूच वकिलांच्या कानाशी लागले. "वहिनींनी सगळ्या गल्लीपुढं शपथ घेतली. म्हणाल्या, त्यांची गाडी मी कुणाला देणार न्हाई. मोडकी असली तरी दारात ठेवीन, रोज पुशीन."

सूर्यभानराव ताडकन उठले. "खरं का, सगुणा? सगळ्या गल्लीपुढं? मग झालं! आता तुला शब्द पाळावा लागंल!"

"तो शब्द मी मेलेल्या नवऱ्याला दिला होता," सगुणाबाई म्हणाल्या. "जित्याला न्हाई. आबासाहेब, गाडी तुमची. घेऊन जा."

उलटतपासणीत सूर्यभानरावांना असं कुणी कधी गप्प केलं नव्हतं.

आबासाहेब उठले, धोतर झटकलं. तिखट उतरल्यामुळं त्यांना आता मजा वाटायला लागली होती. "घेतो की. पण एक सांगतो वकीलसाहेब, आज आश्रुबा पायजे होता. बैल येळेवर बाजूला झाला असता." ते हसत सगुणाबाईंकडं वळले. "तुमाला ठावं न्हाई बाई, तुमचा सासरा काय पळायचा या गाडीपुढं! आमी पोरं मागून चुरमुरे फेकायचो, आणखी जोरात पळ म्हणून. काका म्हणायचे, हॉर्नपेक्षा आश्रुबा स्वस्त."

सटवाजीनं खाली मान घालून बैलाच्या पाठीवर हात फिरवला. सूर्यभानराव पाठ फिरवून उगाच गाडीचं हँडल पुसू लागले.

सगुणाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. मग गाडीच्या डाव्या बाजूला गेल्या, दोरी सोडून दार उघडलं, पदरानं सीट पुसली आणि आत बसल्या.

"आबासाहेब, टांग्यात जागा हाय," त्या शाळेत वापरायच्या त्या आवाजात म्हणाल्या. "गाडी विकायची न्हाई."

"आत्ताच तर तुमी—"

"टांग्यात जागा हाय म्हणलं ना!"

आबासाहेब मळलेला फेटा काखेत मारून निमूट टांग्यात चढले. सरजाबाईंनी "धक्का द्या गं बाई या वकिलाला," असं कुणाकडंही न बघता म्हणत पदर खोचला. त्यांनी आणि सटवाजीनं गाडी ढकलली, आणि ती धूर सोडत परभणीच्या वाटेला लागली.

जकात नाक्याशी पुढं मालट्रक होता म्हणून गाडी घरंगळत कशीबशी थांबली, तेव्हा सूर्यभानराव घसा खाकरून मऊ आवाजात म्हणाले, "सगुणा, खरं सांगू? आज माझं बी मन उडालं हिच्यावरून. माणसं मेली असती. दादा तर आता हिच्यात बसायला न्हाईत. फियाटला होकार देऊन टाकू आपण. हिला भंगारात घालू, पण आबासाहेबाला नको."

सगुणाबाई गर्रकन वळल्या. "भंगारात? मामंजींची गाडी?"

"अगं, तूच म्हणलीस ना, ही माणसाची गाडी न्हाई—"

"मी काय बी म्हणीन! अकरा वर्षं मला एका शब्दानं सांगितलं न्हाई, आणि आता भंगारात घालायलेत! ब्रेक बसवून घ्या उद्या. आणि होकार पाठवला तर याद राखा!"

"छत न्हाई हिला!"

"छत कशाला पायजे? वारा लागतोय की छान!"

"धूळ खाशील जन्मभर!"

"खाईन!"

नाक्यावरच्या कारकुनानं दांडी वर केली. पुढचा ट्रक गेला. मागची एस.टी. हॉर्न वाजवू लागली, तिच्या मागच्या दोन बैलगाड्यांतली माणसं उभी राहून बघू लागली. तांबड्या गाडीतली दोघं मात्र एकमेकांकडं तोंड करून, हातवारे करत, कालचंच भांडण मुळापासून भांडत होती. फक्त आज फियाटच्या बाजूनं वकीलसाहेब होते, आणि ते हरत होते.