अक्कांचा फौजदार

मेहरूणमधल्या आमच्या शेजारच्या लीलाअक्कांकडे चहाला गेलात, तर आधी पाय वर घ्यावे लागतात. "बस ना भाऊ, पन पाय वर!" खुर्चीत मांडी घातल्याशिवाय चहा मिळत नाही, कारण खाली फौजदार फिरत असतो. फौजदार म्हणजे ससा. पांढरा, लठ्ठ आणि महाउर्मट.

त्याच घरात राणी आणि बाळी अशा दोन मांजरी. गल्ली म्हणाली, अक्का, चार दिवसांत ससा गट्टम होणार. झालं उलटंच! फौजदार मागचा पाय दाणकन आपटतो आणि दोघी कपाटावर पळतात. तरी अक्कांचा जीव टांगणीला. बोलता बोलता उठतात, पलंगाखाली डोकावतात, बसतात, पुन्हा उठतात. आधी मांजरींना दूध-पोळी, मग सशाला मेथी. "पोट भरेल मांजर साधू शे," म्हणतात; भरल्या पोटी त्या सशाकडे बघणार नाहीत. आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. "राणे, उतर खाले! फौजदार, वायर सोड! मेल्या, तुले शॉक खावाना शे का?" मी जाम वैतागायचो, खोटं कशाला बोलू?

यंदा मे महिन्यात कूलरसुद्धा गरम हवा फेकू लागला. आपल्याकडे उन्हात निघताना ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवतातच. अक्कांनी काय करावं? तिघांच्या गळ्यात कांद्याच्या चिमुकल्या पिशव्या शिवून बांधल्या! मांजरींनी त्या ओरबाडून फेकल्या. फौजदारानं मात्र पिशवी कुरतडून कांदा फस्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून आवाजच येईना. मला चैन पडेना. जाऊन बघतो तर ससा कोपऱ्यात मलूल पडलेला, मेथीला तोंड लावत नव्हता. अक्का त्याच्याजवळ जमिनीवर बसलेल्या.

"मीच मारी टाकं रे भाऊ त्याले."

रिक्षा केली आणि गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. म्हशी तपासणारा माणूस तो. त्यानं सशाकडे पाहिलं, मग फाटक्या पिशवीकडे. "अहो अक्का, सशाला कांदा म्हणजे विष!" सुई टोचली, ड्रॉपरनं पाणी पाजायला सांगितलं. म्हणाला, आजचा दिवस निघाला तर वाचेल.

मी कामावर गेलोच नाही. उगाच आत-बाहेर करत राहिलो. अक्का थेंब थेंब पाणी पाजत होत्या. मांजरीही कपाटावरून उतरून दाराशी बसल्या होत्या. उन्हं कलली तेव्हा फौजदारानं नाक हलवलं आणि मेथीचं एक पान हळूच ओढलं.

"आते मेथी खास का, मेल्या! जीव घेस का मना?" अक्का ओरडल्या आणि हमसून हमसून रडल्या.

"अक्का, हळू. घाबरेल तो."

"नही घाबरत," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "सवय शे त्याले. आबा गयात, मंग मी कोनावर वरडू, सांग? भितडावर?" त्यांनी भिंतीकडे हात केला.

आबा म्हणजे त्यांचे यजमान. त्यांच्यावरही अक्का अशाच दिवसभर ओरडायच्या. ते गेले तेव्हा गल्लीत कुणीतरी म्हणालंही होतं, सुटला बिचारा.

"माझ्यावर ओरडत जा, अक्का," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली.

"तू रोज येशी का?"