जास्तीच्या आकड्यांवर चिडलेले कापगते सर

माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका कापगते सरांनी तपासून परत केली. ‘सहकुटुंब सहपरिवार’मधला ‘सहपरिवार’ लाल पेनानं खोडलेला आणि बाजूला टीप: ‘अर्थ एकच. दुसरा शब्द काहून पायजे?’ मी तणतणत त्यांच्या दारात गेलो, तर तेच माझ्यावर चिडले.

“साकुरेजी, जागा खाऊन राह्यला ना तो शब्द!”

लग्नाला मात्र वेळेवर आले. एकटेच. लग्न त्यांनी केलेलंच नाही, त्यामुळे उरलेलं ‘सहकुटुंब’ही वायाच गेलं.

बालाघाटात आमची घरं भिंतीला भिंत लागून. पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून सर निवृत्त झाले, पण नोकरीतून, संतापातून नाही. गरजेपेक्षा जास्तीचं काहीही दिसलं की यांचं डोकं फिरतं. एकदा भाजीबाजारात भेंडीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५३ उमटलं आणि सर उसळले.

“भेंडीले दशांशाची तीन घरं काहून पायजे? हे शेवटचे तीन ग्राम कोन खाते, तू का मी?”

भाजीवाला बिचारा घाबरला. “सर, मशीन ही ऐसी है. एक भेंडी निकाल दूँ?”

“भेंडी रहने दे, आकडा निकाल!”

मागे गर्दी जमली. मी पलीकडच्या गाड्यावरून वांगी घेतली आणि ओळख न दाखवता घर गाठलं.

या रागाचं कारण सरांच्या पुढच्या खोलीत, टेबलावर असतं. टिफिनाएवढा एक सर्किट बोर्ड आणि वायरींचा गुंता. सहा वर्षांपासून ते त्याच्याशी भांडत होते. एकदा मी चुकून विचारलं, की हे आहे काय? सरांनी मला पाटी-पेन्सिल दिल्यासारखा कागद दिला आणि चार आकडी संख्येला चार आकडी संख्येनं गुणायला लावलं. मग दोन आकडीला दोन आकडीनं.

“पह्यल्यात सोळा छोटे गुणाकार, दुसऱ्यात चार. आकडे अर्धे केले, मेहनत पाव झाली. सारे एआय एआय करतेत ना, त्याच्या पोटात हेच असते. गुणाकार अन् बेरीज, करोडो. अन् हे लोक दर संख्येले लांबलचक शेपूट लावून ठेवतेत! सर्किट वाढते, चिप तापते, बॅटरी मरते.”

दुसरी तक्रार दशांशचिन्हाची. चिपमध्ये प्रत्येक संख्येचं चिन्ह आपापल्या जागी, त्यामुळे बेरजेआधी ती सरकवून एका रेषेत आणावी लागतात. “त्या सरकवाले पुन्हा येगळं सर्किट! आसपासच्या सोळा संख्यांनी एकच चिन्ह वाटून घ्यावं ना. खैरलांजीच्या बसमधी दर सवारीले येगळा ड्रायव्हर असते का?”

“पण उत्तर चुकणार नाही का, सर?”

“चुकते थोडं. कुठं चुकलेलं चालते अन् कुठं नाई, तेच तर शोधून राह्यलो.”

मागच्या हिवाळ्यात जबलपूरच्या एका कॉलेजात एआयच्या चिपांवर परिसंवाद होता. सरांनी सोबत म्हणून मला नेलं. त्यांना जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची दहा मिनिटं मिळाली. अध्यक्ष म्हणून बसलेले तरुण तज्ज्ञ मधूनमधून मोबाईल बघत होते. सर संपवून थांबले, तर ते हसत म्हणाले, “सर, मेहनत अच्छी है. लेकिन इतनी कंजूसी क्यों? बड़ी चिप लगा दीजिए.”

सरांचा चेहरा लाल झाला. “बड़ी चिप? कानात मावन का ती? सांगा ना, कानात मावन का?”

सगळा हॉल हसला. कानाचा विषय कोणी काढलाच नव्हता. सर कागद गोळा करू लागले, तर दोन पानं खाली पडली. कोणी उचलली नाहीत. इतकी वर्षं मी सरांवर चिडत आलो, पण त्या दिवशी त्यांच्या वतीनं असा संताप आला की जेवणाचं कूपन टेबलावर आपटून मी बाहेर पडलो. भूक लागलेली असतानासुद्धा.

परतीच्या बसमध्ये विचारलं, “सर, कान कुठून आला?”

बालाघाट आलं तेव्हा सर म्हणाले, “रविवारी तुमची मोटरसायकल भेटन का? भरवेलीले जाचं हाय.”

भरवेलीला खाणीच्या वसाहतीत त्यांचे थोरले भाऊ राहतात. आईबाप लवकर गेले. सरांना शिकवलं ते या दादांनी, जन्मभर मँगनीजच्या खाणीत ड्रिल चालवून. त्या ड्रिलनंच त्यांचे कान नेले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते पंखा, कुकर, रस्त्यावरचे ट्रक, सगळंच मोठं करायचं. दोन दिवसांत दादांनी ते कपाटात ठेवून दिलं. गोंगाटातून माणसाचा आवाज वेगळा काढणारं एआय आहे, पण सरांना पाहिजे तसं ते एवढ्याशा यंत्रात बसवलं की तापतं आणि बॅटरी दुपारही गाठत नाही. हे सगळं सरांनी मला रविवारी दादांच्या अंगणात, बोर्डच्या वायरी जोडता जोडता सांगितलं. चिडून नाही, साध्या आवाजात.

मग दादांना बैठकीत बसवून त्यांच्या कानांना सरांनी बोर्डला जोडलेला हेडफोन लावला. पंखा पूर्ण जोरात सोडला. कुकर चढलेलाच होता. मग वहिनींना खूण केली, आत जाऊन हळू बोला.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, रोजच्यासारखा ओरडून नाही, हळूच. “ऐकलं का जी? चाय मांडू का?”

दादा मान न वळवता म्हणाले, “मांड. अद्रक टाकजो.”

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, “साखर किती टाकू?” लग्नाला चाळीस वर्षं झालेली.

“एक चम्मच.”

“दूध हाय ना घरात?” दूध त्यांच्यासमोरच असणार.

“हौ, हाय.”

“तुमचा चश्मा भेटला का?”

चष्मा दादांच्या नाकावर होता. “भेटला,” दादा म्हणाले.

मला दुपारी एका ठिकाणी पोचायचं होतं. मी सरांना म्हटलं, “निघायचं का?”

सर उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. “थांबा जी जरा,” ते म्हणाले. “वहिनीचं इचारून होऊ द्या.”