ओ देणाऱ्या कोठ्या

बाळांनो, एका जंगलात डोंगराच्या पोटात एक मोठी कोठी होती. त्या कोठीत कोठ्या होत्या. त्या कोठ्यांतही कोठ्या होत्या. हसू नका. आधी घरचं कपाट उघडून बघा, मग हसा.

तिथली रीतच तशी होती. दर साली पिकलेल्या ज्वारीचं बी वेगळ्या कोठीत जपायचं. यंदाचं बिघडलं, तर मागच्या सालच्या बियाण्याकडे परत जाता यावं म्हणून. पण उत्साहाच्या भरात जो तो आधीच्याच कोठीत आपली कोठी बांधी आणि खुशाल विसरून जाई.

तानूबाई खार मात्र विसरली नव्हती. यंदा ज्वारीवर काणी पडली होती. कणसातून दाण्याऐवजी काळी भुकटी निघत होती. निरोगी बी उरलं होतं ते फक्त तिच्या कोठीत, काठोकाठ भरलेलं. पेरणी तोंडावर आली होती.

नेमका तेव्हाच राजाचा हुकूम सुटला, "वापरात नसलेल्या कोठ्या काढून टाका. पण सुरक्षितपणे!"

काम करकोचेसाहेबांकडे आलं. साहेबांची मान चांगली लांब. पण ती आत घालून बघणं त्यांना सुरक्षित वाटेना. त्यांनी पद्धत ठरवली. दारातून हाक मारायची. ओ आली तर कोठी वापरात. नाही आली तर मोडायची.

पहिली कोठी ठार रिकामी होती.

"कोणी आहे का?" साहेबांनी हाक मारली.

"आहे का... आहे का..." आतून घुमलं.

"ओ आली! हिला हात लावू नका."

अशा सगळ्या रिकाम्या कोठ्या बचावल्या. तानूबाईची कोठी गळ्यापर्यंत भरलेली. तिच्यात आवाज घुमणार कुठे?

"अहो साहेब, भरलेली कोठी ओ देत नसते! नुसतं आत डोकावा तरी!" तानूबाई रडकुंडीला आली.

"बाई, तुम्ही बोलून काय उपयोग? कोठी बोलली पाहिजे."

रानडुकरांनी कोठी मोडली आणि बी ओढ्यात लोटलं. साहेबांचा सत्कार झाला. त्यांच्या भाषणाला रिकाम्या कोठ्यांनी भरभरून दाद दिली.

तानूबाई पोटभर रडली. मग ओढ्याच्या काठाला अडकलेलं मूठभर बी तिने वेचलं, पेरलं आणि सुगीला नवी कोठी बांधली. तिच्या दाराशी, आतल्या बाजूला, एक छोटी कोठी बांधली. साफ रिकामी.

पुढच्या साली साहेब आले. त्यांनी हाक मारली. छोटी कोठी अशी काही घुमली की साहेबांना गहिवरून आलं.

"याला म्हणतात वापर!" ते म्हणाले.

ते ऐकून जंगलातल्या प्रत्येकाने आपल्या कोठीत एकेक रिकामी कोठी बांधली. बी ठेवायला जागा तेवढी थोडी कमी पडली.

तात्पर्य : बाळांनो, पोटभर दाणे जरूर साठवा. पण दाराशी थोडी पोकळी राखा. चौकशी तिच्याकडेच होते.