निंबाजी नाईकांचे नजरेची हकीकत

श्री. उजेडाचा धनी जो सूर्यनारायण त्यास नमस्कार करून, जैसें घडलें तैसें लिहितों. शके सोळाशें एकेचाळीस, विकारी संवत्सर, फाल्गुन मास. ते समयीं राज्याचा कारभार आईसाहेब पाहत होत्या आणि राज्याच्या सागरी किल्ल्यावर निंबाजी घोगरे नाईक बावीस वर्षें टेहळणीस होते. त्या सालीं नाईकांचे दृष्टीचे मध्यभागीं करडा डाग पडला आणि जें पाहूं जावें तेंच नाहींसें होऊं लागलें, आणि नाईकांनीं भयास्तव कोणास सांगितलें नाहीं. मग आईसाहेबांची स्वारी किल्ल्यास आली आणि नाईक मुजऱ्यास उभे राहिले, तों नजर बाजूच्या खांबाकडे. कारभारी सखोपंत संतापून बोलिले, "नाईक, बोलणें आईसाहेबांशीं आणि पाहणें खांबाकडे, ही कोणती रीत?" नाईक हात जोडून म्हणाले, "आईसाहेब, बेअदबी नव्हे. चेहरा पाहूं जातों तों चेहराच जातो. बाजूस पाहिलें म्हणजे आपला पदर हालतांना दिसतो." कारभारी म्हणाले, "आंधळा ठेवून किल्ला बुडवावा काय? आजच उतरवा."

स्वारीसमागमें विठ्ठलशास्त्री नेत्रवैद्य होते. त्यांनीं मेलेल्या वानरांचे डोळे भिंगाखालीं पाहिले होते. ते पुढें होऊन म्हणाले, "आईसाहेब, वानराचा आणि मनुष्याचा डोळा एकाच घडणीचा. आंतल्या पडद्यावर पेशी आहेत, त्यांचीं कामें निराळीं. मध्यभागीं ज्यांची दाटी, त्या रंग आणि बारीक रेघ जाणतात, परंतु त्यांस उजेड पुष्कळ लागतो. कडेच्या पेशींस रंग कळत नाहीं, मात्र मंद उजेडांत त्याच जाग्या राहतात. आणि तेथून मेंदूकडे निरोप नेणाऱ्याही वेगळाल्या, कोणी बारकावा सांगते, कोणी हालचाल. नाईकांची मधली फळी पडली आहे, कडेची शाबूत आहे." आईसाहेब म्हणाल्या, "पाहूं तर."

मग नाईकांस बुरुजावर नेलें आणि तिसरे प्रहरीं निशाणें दाखविलीं. नाईकांनीं तांबड्यास हिरवें म्हटलें आणि कारभारी हंसले आणि नाईक मान खालीं घालून उभे राहिले. होतां होतां दिवस मावळला आणि पाणी काळवंडलें आणि नाईक एकाएकीं बोलिले, "दक्षिणेस कांहीं हालतें." पहारेकरी डोळे ताणून पाहते झाले, कांहीं दिसेना. शास्त्री म्हणाले, "थेट पाहूं नका. काळोखांत दृष्टीचा मध्य सर्वांचाच आंधळा. जराशी बाजूस नजर ठेवा." तैसें करितां काळ्या ठिपक्यांची रांग दिसली. कारभारी ओरडले, "गनीम! तोफा डागा!" आणि गोलंदाजांनीं बत्ती पेटविली. नाईक आडवे होऊन म्हणाले, "थांबा! कोणाच्या होड्या तें मज कळत नाहीं, तें माझे डोळ्यांचें काम राहिलें नाहीं. परंतु चाल कळते. सात होड्या दम घेत घेत चालतात, मागें जड कांहीं ओढतात. लढाईस येणारा ओझें ओढीत येत नाहीं." कारभारी म्हणाले, "चुकलास तर?" नाईक म्हणाले, "चुकलों तर पहिला गोळा मजवर घाला." आईसाहेब म्हणाल्या, "बत्ती विझवा. मशाली दाखवा."

मशाली दाखवितां पाण्यावरून हांक आली, आपल्याच कोळ्यांची. राज्याचें गलबत खडकावर फुटलें होतें, तें ओढून आणीत होते, आणि त्यांत एकेचाळीस माणसें होतीं, बायकामुलांसुद्धां. सर्व वांचलीं. कारभाऱ्यांनीं पागोटें सांवरलें.

आईसाहेबांनीं आज्ञा केली कीं, दिवसा बारीक नजरेचा मनुष्य असावा, सांजेस नाईक असावे, आणि ऐन प्रसंगीं एकाचे सांगण्यावर तोफ डागूं नये. दुसरे दिवशीं गलबतांतील एक बाई नाईकांपुढें येऊन उभी राहिली. नाईक म्हणाले, "बाई, तुझें तोंड मज दिसत नाहीं." ती म्हणाली, "मी उभी आहें, तें दिसतें ना?" नाईक म्हणाले, "दिसतें." आणि नाईकांच्या डोळ्यांस पाणी आलें.

सारांश, डोळा एक दिसतो, परंतु पाहणारे त्यांत पुष्कळ आहेत. इतकें वर्तमान येथें पुरें जाहलें.